दगडावर बांधलेली झाडं आणि नानांचा मुक्काम

आमचे नाना रोज सकाळी नऊ वाजता घर सोडून कायमचे निघून जायचे.

साडेनऊला परत यायचे, कारण दुसरा चहा साडेनऊला असायचा. पण जाताना मात्र कायमचेच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात निळी थैली, थैलीत एक धोतर, एक टॉवेल, पंचांग आणि बॅटरी (गावाकडच्या माणसाला बॅटरीशिवाय आपण पूर्ण कपडे घातलेत असं वाटतच नाही). कॉलनीच्या कोपऱ्यावर उभं राहून ते प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या काळी-पिवळीला हात करत. काळी-पिवळी थांबत नसे. कारण आमच्या ह्यांनी शहादा ते प्रकाशा चालणाऱ्या एकूण एक जीपवाल्याला निरोप देऊन ठेवला होता की पांढरी टोपी आणि डावा गुडघा नवा असलेला म्हातारा दिसला, तर गाडी तशीच पुढे हाणायची.

नाना म्हणजे माझे सासरे. वय पंच्याहत्तर, प्रकाशाला तापीकाठी केळी-पपईचं वावर, आणि जन्मात कधी रिकामं बसायची सवय नाही. दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, तीन महिने वावरात पाऊल ठेवायचं नाही. सपाट रस्त्यावर चाला, हवं तेवढं चाला, पण ढेकळात किंवा सरीत एकदा पाय मुरगळला तर पुढचं आयुष्य खाटेवर. आता, याच नानांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी डोळ्याला हिरवी पट्टी लावून केळीला पाणी भरलं होतं. त्यामुळे दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक चिंतेत उभे असताना मी पुढे झाले आणि जाहीर केलं, "नानांना मी शहाद्याला नेते. तीन महिने सांभाळून दाखवते." माझी धाकटी जाऊ, जी गावी त्यांच्यासोबत राहते, ती फक्त "बरं बरं" म्हणाली. आमच्या घराण्यात एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

पहिला महिना मी कसाबसा काढला. सासूबाई गेल्यापासून नाना कुणाचं ऐकत नाहीत, आणि आमच्या बैठ्या घरात त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. टीव्ही त्यांना आवडत नाही (सगळे एकाच वेळी बोलतात म्हणून). दुपारी कंटाळून त्यांनी माझा संध्याकाळचा कुकर लावून ठेवायला सुरुवात केली. डाळ-तांदूळ धुऊन, झाकण लावून ओट्यावर तयार ठेवायचे, मी शाळेतून आल्या आल्या फक्त गॅस पेटवायचा. ही त्यांच्या दिवसातली एकमेव मोठी घडामोड. बाकी वेळ ते पंख्याकडे बघत, आणि पंखा हिवाळ्यात बंदच असतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं की घरात फिशटँक असला की म्हाताऱ्या माणसांचं मन रमतं, रक्तदाबसुद्धा उतरतो. झालं, मी त्याच संध्याकाळी रफिकभाईंच्या दुकानातून दोन फुटांची काचेची टाकी आणि बारा गप्पी मासे उचलून आणले. नानांना समोर खुर्ची टाकून दिली. नानांनी चार मिनिटं मासे पाहिले. मग विचारलं, "यासले काम काय शे?" मी म्हटलं, काम काही नाही, नुसतं हिंडायचं. मग खातात कुठून, तर म्हटलं आपण देतो. नानांनी मान वळवून आमच्या ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता थैली पुन्हा कोपऱ्यावर.

मी रफिकभाईंना गाठलं. रफिकभाई म्हणजे सबुरीचा माणूस, मासे विकून विकून स्वतःही हळूच बोलायला लागलेला. ते म्हणाले, मासे सगळ्यांनाच लागू पडत नाहीत, टाकीत जिवंत झाडं लावून बघा. त्यांनी पाच छोटी झाडं दिली. अनुबियास म्हणे. आल्यासारखं आडवं खोड, त्याला वरून जाड हिरवी पानं आणि खालून मुळ्या. सोबत मूठभर शेवाळही दिलं. आणि तीनतीनदा बजावलं, "मॅडम, इसको मिट्टीमें दबाना मत. दबाया तो सड जायेगा. पत्थरपे, लकडीपे बांधनेका, और ये मोटावाला खोड खुल्ला रखनेका." मी हसून मान हलवली. विज्ञानाच्या बाईंना झाडं कशी लावायची ते कुणी सांगावं?

घरी येऊन मी पिशवी उघडली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा नाना काठीशिवाय खुर्चीतून उठले.

"पैसा देईसन शेवायं लयनी?" हा पहिला प्रश्न. आमच्या गावच्या हौदावर ते फुकट असून घासून काढायला गडी लावावा लागतो, ही पुरवणी. मग त्यांनी अनुबियास हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि मी ती दगडावर ठेवून मुळ्या उघड्याच सोडणार आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मुयी उघड्या ठेवी ऱ्हायनी का व? झाड जगी कशे?" मी त्यांना वनस्पतीशास्त्र समजावून सांगितलं. पाण्यातलं अन्न, पानांतून शोषण वगैरे. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कृषीखात्याच्या नव्या साहेबाचं ऐकतात तसं, आणि माझ्याबद्दल वाईट वाटून घेतलं.

दगड आणि लाकूड आणायचं काम ह्यांच्याकडे होतं. हे प्रकाशाला गेले आणि तापीच्या काठावर पुरात वाहून आलेलं एक वेडंवाकडं लाकूड मोटारसायकलला आडवं बांधून घेऊन आले. कॉलनीच्या फाटकातून ते आत येईना, तेव्हा ह्यांना आधी गाडी तिरकी करावी लागली, मग स्वतःला. दगड मात्र छान होते, काळे, खरबरीत, मुठीएवढे. लाकूड उकळून घ्यायचं असतं म्हणून मी आंघोळीच्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात उकळलं. पाणी कडक चहासारखं झालं. आणि एवढं उकळूनही ते लाकूड बुडायला तयार नाही! टाकीत टाकलं की बुडबुड करून वर. शेवटी त्याच्या डोक्यावर पाट्याचा वरवंटा ठेवून ते तीन दिवस बादलीत दाबून ठेवलं. त्या तीन दिवसांत आम्हाला चटणी मिळाली नाही.

मग मी झाडं बांधायला बसले. शिवणाचा दोरा घेतला. ओलं झाड, ओला दगड, त्यावर दोरा गुंडाळायचा म्हणजे झाड एका बाजूला पळतं आणि दगड दुसऱ्या. गाठ मारून होईपर्यंत दोन पानं माझ्याच हातात आली. तरी रात्री झोपताना टाकी सुंदर दिसत होती. सकाळी बघते तर पाचही झाडं पाण्यावर तरंगत होती आणि मासे दोऱ्यात अडकून गोल गोल फिरत होते. नाना चहा पीत समोर बसलेले. मी पुन्हा बांधली, दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. असं चार दिवस चाललं. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर नानांच्या न बोलण्याचा.

रफिकभाई म्हणाले, "दोरा नहीं जमता तो गम लगाव. एक बूंद. मगर पत्थर सुखाके."

तो झटकन चिकटणारा गोंद असतो ना, नळीतला, तो. एक थेंब लावायचा होता. मला वाटलं, एका थेंबाने चिकटतंय तर चार थेंबांनी जन्मभर चिकटेल. दगड सुकवायचा होता, पण शाळेची वेळ होत आली होती. डाव्या तळव्यावर दगड घेतला, गोंद ओतला, झाड ठेवलं, आणि उजव्या हाताने दाबून तीसपर्यंत आकडे मोजले. तीसला हात सोडला. झाड दगडाला अगदी घट्ट बसलं होतं. दगड माझ्या तळव्याला त्याहून घट्ट बसला होता, कारण जादाचे तीन थेंब बाजूने ओघळून खाली गेले होते.

मी हलवून पाहिलं, झटकून पाहिलं. ह्यांनी एकदा ओढून पाहिलं, तेव्हा मी जे ओरडले ते ऐकून शेजारच्या वहिनी येऊन गेल्या. गरम पाणी झालं, गोडेतेल झालं, तूप झालं, मीठ लावून झालं. तळहात लोणच्याला तयार झाला, पण दगड हलेना. नाना काठी टेकत जवळ आले. त्यांनी चष्मा वर करून झाडाची मुळी, मग दगड, मग माझा हात नीट तपासला. "झाड लागी गयं," ते म्हणाले. "फक्त जागा चुकनी."

आणि त्याच दिवशी साडेदहाला नानांची हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणी होती!

मग काय, गेलो तिघं रिक्षाने. मी ओढणी पांघरून हात लपवला होता, पण ओढणीतून पाच हिरवी पानं बाहेर डोकावत होती. दवाखान्यात बाकावर जेवढे प्लॅस्टरवाले होते तेवढे सगळे आपापली दुखणी विसरले. एक बाई हळूच म्हणाली, नवस असेल, विचारू नये. दुसरीने विचारलं, रोज पाणी घालावं लागतं का. मी जमिनीत जायच्या बेतात होते, आणि माझ्या शेजारी बसलेले नाना, जे महिनाभर दिवसाला दहा शब्द बोलत होते, ते सगळ्या बाकाला सविस्तर हकीकत सांगत होते. "सून मन्ही मास्तरीन शे," त्यांनी सुरुवात केली. "हातवर कलम करी ऱ्हायनी व्हती." पुढे गोंद, वरवंटा, लाकूड, काहीही वगळलं नाही. नवीन पेशंट आला की पहिल्यापासून. कंपाउंडरने केसपेपरवर माझं नाव, वय आणि तक्रारीच्या रकान्यात "दगड" एवढंच लिहिलं.

डॉक्टरांनी कसलंसं वासाचं औषध लावून अर्ध्या तासात दगड सोडवला, वरचं झाडही शाबूत सोडवून दिलं. मग नानांचा गुडघा पाहिला. गुडघा चांगला होता. नानांनी लगेच विचारलं, मग जाऊ ना गावी? डॉक्टर म्हणाले, अजून सहा आठवडे. एक दिवसही आधी नाही.

येताना रिक्षात, घराजवळ आल्यावर नाना म्हणाले, रविवारी धाकटा मुलगा ट्रॅक्टर घेऊन येईल, त्याच्याबरोबर जातो, कोणी आडवं येऊ नका. या खेपेला थैली हातात नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. म्हणून मला खरी भीती वाटली. मी ह्यांना म्हटलं, रविवारपर्यंत काहीतरी घडलं पाहिजे.

घडलं ते शुक्रवारी.

झालं असं की ती पाच झाडं नानांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. पन्नास वर्षं ज्या माणसाने उघडी मुळी दिसली की पायाने का होईना माती लोटली, त्याच्यासमोर मी पाच रोपं उघडी टाकून शाळेत जात होते. त्यांना ते पाहवेना. त्यांनी फोन करून धाकट्याकडून वावरातली काळी माती मागवली, एक गोणी, वर थोडं कुजलेलं शेणखत. गोणी आली काळी-पिवळीने. (जीपवाल्यांना नानांना न्यायची बंदी होती. नानांसाठी काही आणायची बंदी घालायला आम्ही विसरलो होतो.) मी शाळेत, हे कॉलेजच्या ऑफिसात. नानांनी दुपारभरात आख्खी टाकी रिकामी केली, त्यात माती भरली, मातीत बोटांनी सऱ्या पाडल्या, सऱ्यांच्या मधे वरंबे केले, वरंब्यावर सारख्या अंतराने पाच अनुबियास लावल्या, आणि वरून तांब्याने पाणी सोडलं.

मी पाच वाजता घरी आले. पुढच्या खोलीत जाण्याआधी स्वयंपाकघरात गेले, ही रोजची सवय. ओट्यावर कुकर तयार होता, झाकण लावलेलं. रोजच्यासारखा गॅस पेटवला.

"गॅस बंद कर व! मासा शेतस तठे!"

नाना पुढच्या खोलीतून धावत आले. धावत! काठी नाही, चप्पल नाही, दोन्ही पाय चिखलाने भरलेले. मी गॅस बंद केला आणि वळले तोवर त्यांचा पाय आमच्या गुळगुळीत फरशीवर घसरला होता. कसं ते मला अजून कळत नाही, पण मी त्यांना दोन्ही हातांनी कवेत धरलं आणि आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो. तीन महिने वावरात पडू नये म्हणून ज्याला इथे आणलं, तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात, वावरातल्याच मातीवरून घसरून पडत होता.

कुकर उघडला. बाराही मासे होते, पाणी जेमतेम कोमट झालेलं. (आम्ही शाकाहारी आहोत, हे इथे नमूद केलेलं बरं.) नानांनी माती भरताना माशांना त्रास नको म्हणून घरातलं सगळ्यात घट्ट झाकणाचं भांडं निवडलं होतं.

मग मी पुढच्या खोलीत जाऊन टाकी पाहिली, आणि माझा ताबा सुटला. मी नानांवर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हा चढवला. रफिकभाईंनी तीनतीनदा सांगितलंय, खोड मातीत गाडलं की सडतं! सडतं म्हणजे सडतं! ही झाडं जमिनीत उगवतच नाहीत, दुसऱ्याच्या अंगावर उगवतात! मी हे सगळं ओरडत होते आणि ओरडता ओरडता मला रडू यायला लागलं, कारण मला झाडांचं काही पडलंच नव्हतं.

नाना खुर्चीत बसले. "रडू नको व माय. पडनू नही ना मी," ते म्हणाले. आणि खूप हळू आवाजात, "माले दिनभर काय काम शे आठे? भिंत देखू का पंखा देखू?"

मी त्यांच्या पायाचा चिखल पुसत बसले. मग तेच एकदम म्हणाले, दुसऱ्याच्या अंगावर उगवतं म्हणजे काय? आंब्यावर येतं तसं? मी मान हलवली. "मंग आधी सांगानं ना, हाई बांडगूय शे म्हनीसन!" एवढं म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या. (ते बांडगूळ नसतं, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे विज्ञानाच्या बाईंना माहीत होतं. विज्ञानाच्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसल्या.)

मातीच्या गोणीचं तोंड केळीच्या सोपटाने बांधलेलं होतं. केळीच्या खोडाची वाळलेली साल, आमच्याकडे तिनेच सगळं बांधतात. नानांनी ती सोडून पाण्यात भिजवली आणि नखाने तिचे बारीक बारीक धागे काढले. दगडाची खरबरीत बाजू वर घेतली, लांब मुळ्या कात्रीने आखूड केल्या, खोड ठेवलं, दोन वेढे आणि एक गाठ. पपईच्या रोपाला काठी बांधतात ती गाठ. मी चार दिवसांत जे करू शकले नव्हते ते त्यांनी वीस मिनिटांत पाचही झाडांना केलं, तीन दगडांवर, दोन लाकडावर. मी म्हटलं, सैल वाटतंय. तर म्हणाले, "बांधानं, फाशी देवानी नही." झाड वाढायला जागा लागते, आणि झाड दगडाला धरेपर्यंत सोपट आपोआप कुजून जातं, मग सोडायलाही नको.

टाकी धुऊन, पाणी भरून, मासे सोडून रात्रीचं जेवण व्हायला दहा वाजले. जेवता जेवता नानांनी निकाल दिला. ट्रॅक्टर येऊ द्या, मी जात नाही. "मन्हा हातनं झाड लागनं का नही, तेवढं देखसू. नवं पान उनं का मी चालनू."

मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी रफिकभाईंना विचारलं, अनुबियासला नवं पान यायला किती दिवस लागतात? ते म्हणाले, अच्छा लगा तो पंधरा-बीस दिन. डॉक्टरांचे होते सहा आठवडे. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि माझा आनंद मावळला.

अठराव्या दिवशी सकाळी साडेपाचला मला ते दिसलं. लाकडावरच्या डाव्या झाडाला, बारीक सुरळीसारखं, पोपटी. पान! नाना सहाला उठून पहिलं काम म्हणजे टाकीपाशी येत. माझ्याकडे अर्धा तास होता. मी शाळेत वृक्षारोपणाच्या दिवशी भाषण करते. माझ्या भाषणात "एक पान म्हणजे एक श्वास" असं वाक्य आहे. मी ते वाक्य मनातून बाजूला सारलं, नखं कापायची छोटी कात्री आणली, बाही वर केली आणि पान कापून चहाच्या चोथ्यात टाकलं.

सहाला नाना आले. चष्मा लावून पाचही झाडं एकेक करून पाहिली आणि म्हणाले, "आज बी नही." मला उगीच वाटलं की ते खुशीत म्हणाले. पण पापी माणसाला काहीही वाटतं.

तेव्हापासून माझा तो धंदाच झाला. आठवड्याला एखादं पान यायचं, मी कापायची. कधी कधी संध्याकाळी मला कोंब दिसायचा, मी म्हणायची उद्या पहाटे बघते, आणि पहाटे तो नसायचाच. मासे खात असतील, असं मी समजून गेले. विज्ञान शिकवते मी.

इकडे नानांचं वेगळंच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर चालायला सांगितलं होतं, म्हणून ते चालत रफिकभाईंच्या दुकानात जायला लागले. तिथे स्टुलावर बसून सोपट सोलायचे आणि गिऱ्हाइकांची झाडं दगडावर बांधून द्यायचे. नंदुरबारहून लोक यायला लागले. रफिकभाई सांगायचे, हमारे यहाँ नानाकी गाठ है, खुलती नहीं. दुपारचा चहा तिकडेच. नऊ वाजता घर सोडून जायचे ते अजूनही, पण आता दुकानात, आणि निळी थैली सोपटाने भरलेली.

सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, आता गावी जा, वावरात हिंडा, काही हरकत नाही. मी धाकट्या जावेला तिथूनच फोन लावला. जिंकले होते मी! घरी येऊन कात्री खणात टाकली. आता येऊ दे पान, सुखाने येऊ दे, नाना पान बघतील आणि मानाने घरी जातील.

पण पान येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी बोटही लावत नव्हते, आणि पाचही झाडांना एक कोंब टिकेना. मला मनापासून काळजी लागली. मीच कापून कापून झाडांचा जीव घेतला की काय! ह्यांनी पाणी बदललं, उजेड बदलला. शेवटी म्हटलं, रफिकभाईंनाच घरी बोलावते.

"कसाले बलावस त्याले? त्याले दुकान शे," नाना घाईघाईने म्हणाले. नानांना रफिकभाईंची एवढी काळजी वाटते हे पाहून मला बरं वाटलं.

रफिकभाई आले. त्यांनी लाकूड आणि दगड एकेक करून बाहेर काढले, मोबाइलची बॅटरी लावून प्रत्येक खोड निरखलं. झाडं ठणठणीत होती. मुळ्यांनी दगड असा धरला होता की सोपट केव्हाच कुजून गेलं होतं.

"मॅडम, झाड एकदम बढिया है. मगर नया पत्ता कोई कीडा खा रहा है." मग त्यांनी दगड डोळ्याजवळ नेला. "एक नहीं, दो कीडे है. ये देखो, ये पुराना, सीधा कटा है, कैंचीसे काटा हो ऐसा. और ये ताजा, ये नाखूनसे खुडा है."

मी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने फार मन लावून पुसायला घेतला. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली बारीकसं पोपटी काहीतरी होतं.

या सगळ्या प्रकरणात निर्दोष असे फक्त आमचे हेच होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, मग हे किडे मारायला टाकीत कोणतं औषध टाकू?

"मारू नको रे भो," नाना चष्मा पुसत म्हणाले. "त्यासमा एक किडा तुन्हा बाप शे, अन् दुसरी तुन्ही बायको."

दुसऱ्या दिवशी मला नववीच्या वर्गात पिकांवरच्या किडींचा धडा घ्यायचा होता. मी मुलांना मैदानावर खेळायला सोडलं.